दुःख न पुसणारा आनंद

७ ऑक्टोबर २०२३ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, तेव्हा तिथे सिम्हात तोराचा सण होता. तोरा या यहुदी धर्मग्रंथाचे वर्षभर चाललेले वाचन त्या दिवशी पुरे होते आणि लगेच पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होते. ग्रंथाच्या जड गुंडाळ्या छातीशी धरून माणसे सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, सात फेऱ्या नाचतात. या फेऱ्यांना हकाफोत म्हणतात. त्या एका दिवसात सुमारे बाराशे माणसे मारली गेली. वर्षाने सण पुन्हा तोंडावर आला तसा इस्रायलमध्ये वाद सुरू झाला : यंदा नाचायचे की नाही, आणि नाचायचे तर कसे? एक बाजू म्हणाली, नाच थांबवला तर मारेकऱ्यांचे फावले. दुसरी म्हणाली, ज्या घरातले माणूस याच तिथीला गेले त्या घराच्या भिंतीपलीकडे गाणी कशी म्हणायची? पुढे हा वाद एका सणापुरता उरला नाही. धर्मातला आनंद खरा की उसना, ती साधना की नशा, अशा जुन्याच वळणावर तो येऊन थांबला.

दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण दोघांनीही एक गोष्ट तपासून न बघता धरून ठेवली आहे. आनंद ही बऱ्या दिवसांतली मनःस्थिती आहे, असे दोघांनाही वाटते. म्हणून एकाला तो वाईट दिवसांत मुद्दाम मिरवावासा वाटतो आणि दुसऱ्याला तो वाईट दिवसांत अश्लील वाटतो. यहुदी गूढवाद्यांनी ज्या आनंदाचा शतकानुशतके आग्रह धरला, तो या चौकटीत मावतच नाही. माझे म्हणणे असे की कब्बाला, म्हणजे यहुदी गूढविद्या, आणि तिच्यावर उभी राहिलेली हसिदी चळवळ यांच्या परंपरेतला आनंद ही एक साधना आहे. ती शोकाच्या शेजारी बसून, त्याला न उठवता केली जाते. तिच्यातून माणूस पलीकडे जातो तो स्वतःच्या ‘मी’च्या पलीकडे, जग त्याच्या हातून सुटत नाही. आणि ज्या आनंदाने शोकच रद्द करून टाकला, त्या आनंदाला या परंपरेने जबर किंमत मोजून नकार दिला आहे. हा नकार समजून घेतला नाही, तर सगळी चर्चा वरवरची राहते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आनंदाचे वेड गूढवाद्यांनी आणले आणि बुद्धिवादी यहुदी त्यापासून दूर होते, असे सर्रास मानले जाते. हे खरे नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शापांची एक भयंकर लांबलचक यादी आहे, आणि ते शाप का येतील याचे एक कारण असे दिले आहे की तू सुबत्तेत असताना आपल्या देवाची सेवा आनंदाने केली नाहीस. म्हणजे सेवा चुकली एवढाच गुन्हा नाही, ती आनंदाविना केली हाही गुन्हा. तल्मूद हा यहुदी कायद्याचा आणि कथांचा प्राचीन ग्रंथ सांगतो की देवाचे सान्निध्य, ज्याला शेखिना म्हणतात, ते खिन्नतेवर किंवा आळसावर उतरत नाही. धर्माज्ञा पाळताना होणाऱ्या आनंदावर उतरते. बाराव्या शतकातला मायमोनिडीझ हा तर ॲरिस्टॉटलच्या वाटेने जाणारा कठोर तर्कवादी. तोही लिहितो की धर्माज्ञा आनंदाने पाळणे ही मोठी सेवा आहे. गूढवाद्यांनी आनंद नव्याने शोधला नाही. त्यांनी त्याला विश्वाच्या रचनेत जागा दिली, आणि ही जागा शोकाला लागून होती.

हे प्रत्यक्ष बघायचे तर सोळाव्या शतकातल्या साफेद या गालिलातल्या डोंगराळ गावी जावे लागते. १४९२ साली स्पेनने यहुद्यांना हाकलले. त्या हाकललेल्यांची मुले-नातवंडे या गावात येऊन स्थिरावली. आयझॅक लुरिया तिथे आला तो १५७०मध्ये आणि १५७२मध्ये, अडतिसाव्या वर्षी, वारलासुद्धा. एवढ्या थोड्या अवधीत त्याने जे शिकवले ते शिष्यांनी टिपून ठेवले आणि पुढचा सगळा यहुदी गूढवाद त्यावर उभा राहिला. त्याचे सांगणे थोडक्यात असे : सृष्टीला जागा व्हावी म्हणून अनंताने स्वतःला आक्रसून घेतले. त्याचा प्रकाश ज्या पात्रांत ओतला ती पात्रे तो पेलू न शकल्याने फुटली. प्रकाशाचे कण मातीत, अन्नात, माणसांत, अगदी पापातही अडकून पडले. ते वेचून पुन्हा वर पोहोचवणे हे माणसाचे काम. शेखिना स्वतःच वनवासात आहे. बेघर झालेल्या माणसांनी आपल्या देवालाही बेघर पाहिले, यात नवल ते काय?

आता या गावाचा दिनक्रम बघा. मध्यरात्री उठायचे, जोडे काढायचे, दाराजवळ जमिनीवर बसायचे, कपाळाला राख लावायची आणि जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिरासाठी व वनवासी शेखिनेसाठी रडायचे. या विधीचे दोन भाग आहेत, आधी विलाप आणि मग आशेची स्तोत्रे. विलापावर कोणी थांबत नाही आणि विलाप टाळून कोणी पुढेही जात नाही. हीच माणसे शुक्रवारी सूर्य कलला की गावाबाहेर शेतात जात आणि शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाचे, स्वागत नवरी घरी यावी तसे गाऊन करत. श्लोमो अल्काबेत्झने याच गावात त्यासाठी रचलेले गीत आज जगभरच्या सिनेगॉगमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी म्हटले जाते, आणि शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून वाकतात. त्या गीताची बहुतेक कडवी नवरीला उद्देशून नाहीतच. ती उद्ध्वस्त जेरुसलेमला उद्देशून आहेत : ऊठ, धूळ झटक. स्वागतगीताच्या पोटात भग्न शहर आहे. रडणारे आणि गाणारे दोन वेगळे गट असते तर आपण म्हणालो असतो की एक पंथ दुःखवादी आणि दुसरा आनंदवादी. पण तोंडे तीच होती. मग यांचा आनंद म्हणजे दुःखाचा विसर, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? झोहर या तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्तीलमध्ये उजेडात आलेल्या ग्रंथात एक वाक्य आहे की रडणे माझ्या हृदयाच्या एका बाजूला बसले आहे आणि आनंद दुसऱ्या बाजूला. साफेदने या वाक्याचे वेळापत्रक बनवले.

आणि आता तो नकार. १६६५ साली गाझा शहरातल्या नेथन नावाच्या तरुण कब्बालावाद्याने जाहीर केले की स्मर्नाचा शब्बताई झ्वी हाच मसीहा, देवाने पाठवलेला मुक्तिदाता. येमेनपासून ॲमस्टरडॅमपर्यंत यहुदी वस्त्या पेटून उठल्या. हॅम्बुर्गच्या ग्लुकेल या व्यापारी बाईने आपल्या आठवणींत लिहिले आहे की तिच्या सासऱ्यांनी दोन मोठी पिंपे भरून तिच्या घरी पाठवली. एकात कापडचोपड, दुसऱ्यात वाटाणे, कडधान्य, सुके मांस असे टिकणारे पदार्थ. बोलावणे आले की बंदरातून थेट पवित्र भूमीला निघायचे. वर्ष उलटले तरी पिंपे तशीच उभी होती. पण माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट शब्बताईने १६६६च्या उन्हाळ्यात केली. आव महिन्याची नववी तिथी, म्हणजे दोन्ही मंदिरे पडल्याचा सुतकाचा दिवस, त्याने उपासातून मुक्त केली आणि आपला वाढदिवस म्हणून तिचा सण केला. अनेक वस्त्यांनी त्या दिवशी मेजवान्या केल्या. मुक्ती आलीच आहे, मग रडायचे कशाला? त्याच सप्टेंबरात ऑटोमन सुलतानासमोर उभे केल्यावर शब्बताईने इस्लाम स्वीकारला आणि डोक्यावर पगडी चढवली. त्यानंतरची हताशा शंभर वर्षे पुरली.

आनंद आणि शोक यांच्या नात्याची यापेक्षा स्वच्छ कसोटी मला ठाऊक नाही. शब्बताईचा आनंद उत्कट होता, सामूहिक होता, गूढ ज्ञानाने नटलेला होता. त्याने शोकाची तिथी पुसली आणि तिथेच तो फसला. या पडझडीनंतर काही दशकांनी पोदोलियात, आजच्या युक्रेनमध्ये, इस्राएल बेन एलिएझर ऊर्फ बाल शेम तोव याच्याभोवती हसिदी चळवळ उभी राहिली. मेझिबोझ गावी १७६०मध्ये तो वारला. त्याच्या अनुयायांनीही गाणी गायली, नाच केले, प्रार्थनेत अंग घुसळले. पण आवची नववी आली की हसिदीही जमिनीवर बसतो, चामड्याचे जोडे घालत नाही, अन्नपाणी घेत नाही आणि विलापगीते वाचतो. ती तिथी त्यांनी हलवली नाही. ज्यांना हसिदी नाच आणि शब्बताईचा जल्लोष एकाच जातीचे वाटतात, त्यांनी हा एक दिवस नीट बघावा.

लिथुआनियातल्या विल्नाच्या पंडितांना मात्र ते एकाच जातीचे वाटले होते. एलियाहू, ज्याला विल्नाचा गाओन म्हणतात, त्याच्या पाठिंब्याने १७७२मध्ये हसिदींवर बहिष्कार पुकारला गेला. आरोप असे की हे लोक प्रार्थनेच्या वेळा पाळत नाहीत, अध्ययनाला कमी लेखतात, रस्त्यात कोलांट्या मारतात. कोलांट्यांची गोष्ट काही बदनामी नव्हती. कालिस्कच्या अब्राहमचे शिष्य खरोखर तसे करत, आणि खुद्द हसिदी नेत्यांनाही ते खटकले होते. गाओनला नुसता मागासलेला ठरवून मोकळे होणाऱ्यांशी मी सहमत नाही. शंभर वर्षांपूर्वी उन्मादाने समाजाला कुठे नेऊन टाकले हे त्याला माहीत होते. देव सगळीकडेच आहे असे म्हणू लागलो तर शुद्ध-अशुद्ध, विहित-निषिद्ध या रेषा कशाच्या आधारावर उभ्या राहणार, हा त्याचा प्रश्न आजही जिवंत आहे. त्याला उत्तर घोषणेने मिळत नाही, शिस्तीने मिळते. ते उत्तर हसिदी बाजूने ज्याने सर्वांत काळजीपूर्वक दिले तो लियादीचा श्नेउर झाल्मान. मुंबईकरांना त्याची परंपरा वेगळ्याच, दुःखद कारणाने ठाऊक आहे. कुलाब्याचे नरिमन हाऊस, जिथे नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात रब्बी गॅव्रिएल आणि रिव्हका होल्ट्झबर्ग हे दांपत्य मारले गेले, ते त्याने स्थापलेल्या खबाद परंपरेचे केंद्र.

श्नेउर झाल्मानचा तान्या हा ग्रंथ १७९६चा. त्यात तो दोन मल्लांचे उदाहरण देतो. एकाची ताकद अधिक, पण तो सुस्त आणि जड असेल, तर चपळ असलेला दुबळा मल्ल त्याला पाडील. मनातल्या वाईट प्रवृत्तीशी झुंजतानाही असेच होते, खिन्न माणूस ताकद असून हरतो. म्हणजे आनंद इथे बक्षीस म्हणून येत नाही. झुंजीच्या आधी अंगात आणायची ती तयारी आहे. पण तो इथेच थांबता तर मी त्याला आजकालच्या ‘सकारात्मक राहा’वाल्यांच्या रांगेत बसवले असते. पुढे तो खिन्नता आणि कडवट दुःख यांत भेद करतो. खिन्नतेत हृदय दगडासारखे बधिर होते, त्यात जीवच नसतो. कडवट दुःखात हृदय जिवंत असते, तळमळत असते, आणि ही तळमळच माणसाला हलवते. त्याचा रोख पहिलीवर आहे. दुसरीला तो दारातून हाकलत नाही, तिच्यासाठी वेळ ठरवून देतो.

वेळ ठरवून देण्याची ही रीत सर्वांत धारदार झाली ती ब्रेस्लावच्या नाखमानपाशी. बाल शेम तोवचा हा पणतू १७७२मध्ये जन्मला आणि १८१०मध्ये क्षयाने उमान गावी वारला, अडतीस वर्षांचा असताना. सतत आनंदात राहणे ही मोठी धर्माज्ञा आहे, हे त्याचे वचन आज इस्रायलमध्ये मोटारींवर रंगवलेले असते, आणि चौकात सिग्नलला गाडी थांबवून त्याचे अनुयायी नाचतात. ज्याने हे म्हटले त्याचा तान्हा मुलगा १८०६मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. स्वतःच्या काळवंडलेल्या मनाशी तो आयुष्यभर झगडला. त्याच शिकवणुकीत पुढे तो सांगतो की दिवसाचा एक तास भग्न हृदयासाठी राखून ठेव. एकान्तात जा, आपल्या रोजच्या भाषेत देवाशी बोल, रड, भांड. उरलेला दिवस आनंदाचा. आणि आनंद येतच नसेल, तर वेडगळपणा करूनही तो आण. आणखी एके ठिकाणी तो नाचणाऱ्यांचे चित्र रेखाटतो : रिंगणाबाहेर एक जण उदास उभा असतो, नाचणारे त्याला इच्छेविरुद्ध ओढून आत घेतात. तसेच दुःखाचे करावे, असे त्याचे म्हणणे. दुःखाला बाहेर ठेवून नाचलात तर ते तिथे उभे राहून तुमच्याकडे बघत राहील. त्याचा हात धरून त्याला रिंगणात आणा. मोटारींवर फक्त पहिले वचन रंगवतात. तास आणि रिंगण गाळले की नाखमानचे काय उरते? गुळगुळीत, विक्रीयोग्य सल्ला. नाखमानच्या नावावर असला सल्ला विकणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो नाच हिणवणाऱ्यांवरच्या रागापेक्षा मोठा आहे.

तरीही पहिला भक्कम आक्षेप इथेच उभा राहतो. ज्याचे मन खरोखर आजारी आहे, त्याला आनंदाची आज्ञा देणे म्हणजे क्रौर्य नाही का? आहे. आज नैराश्याबद्दल आपल्याला जे कळते ते नाखमानला ठाऊक नव्हते, शिवाय वैद्यांपासून दूर राहा असेही तो सांगत असे. त्याचा हा सल्ला आज कोणी पाळू नये. पण आक्षेप संपूर्ण परंपरेवर रेटला की मी थांबतो. यहुदी कायद्याने शोकाला सात दिवस दिले, मग तीस, आईवडिलांसाठी वर्ष. या सात दिवसांत माणूस घराबाहेर पडत नाही, खालच्या बैठकीवर बसतो, समाज त्याच्याकडे चालत येतो. त्याला ‘हस’ असे कोणी म्हणत नाही. उलट बाजूनेही बघा. मोठा सण मध्येच आला की ते सात दिवस तिथेच संपतात, काल गेलेल्याचे सुतकसुद्धा. मला हा नियम पचायला जड गेला आहे, आजही जातो. त्यामागचा तर्क असा की समूहाचा आनंद ही एकट्याच्या शोकापेक्षा मोठी जबाबदारी आहे, कारण समूह तुटला तर उद्याच्या शोकाकुलाकडे चालत जायला कोणी उरणार नाही. हा तर्क दरवेळी पटतोच असे नाही. पण दुःखाकडे पाठ फिरवणाऱ्यांनी तो केलेला नाही, हे दिसते. तल्मूदमध्येच गोष्ट आहे की आपल्या मुलाच्या लग्नात पंडित जरा जास्तच मजेत आलेले पाहून रविनाच्या मुलाने एक मौल्यवान पात्र आणवले आणि त्यांच्यासमोर फोडले.

दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. हा आनंद अफू आहे. कत्तली होत असताना माणसे नाचत राहिली. एकोणिसाव्या शतकातला इतिहासकार हाइनरिख ग्रेट्झ हसिदींबद्दल याच तिरस्काराने लिहितो. मराठी वाचकाला हा सूर नवा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी संतांच्या चळवळीत मराठी सत्तेची पायाभरणी पाहिली, तर इतिहासाचार्य राजवाड्यांनी संतांच्या निवृत्तीला आपल्या पंगुत्वाचे कारण ठरवले. टाळकुटे हा शब्द आपण अजूनही शिवीसारखा वापरतो. हसिदींच्या बाबतीत आरोपाला आधार आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. विसाव्या शतकात काही हसिदी गुरूंनी अनुयायांना अमेरिकेला किंवा पॅलेस्टाईनला जाऊ नका म्हणून सांगितले, आणि त्याची किंमत जिवांनी चुकवावी लागली. १८९७मध्ये विल्ना येथे स्थापन झालेल्या बुंद या कामगार संघटनेत तरुण गेले ते अशाच निष्क्रियतेला कंटाळून. मात्र कारण नीट शोधायला हवे. वनवास हा देवाने घातलेला आहे, तो माणसाने बळाने मोडू नये, ही शिकवण बहुतेक सनातनी यहुद्यांची होती. गाओनच्या परंपरेतले विद्वान नाचत नव्हते. ते राजकारणात तरी उतरले का? नाही. मग निष्क्रियतेचे खापर नाचावर कसे फुटते? आणि उमानला नाखमान का पुरला गेला हेही विचारावे. १७६८मध्ये त्या गावात हैदमाक नावाच्या सशस्त्र बंडखोरांनी हजारोंची कत्तल केली होती. त्या हुतात्म्यांच्या स्मशानात मला पुरा, असे त्यानेच सांगून ठेवले होते. विस्मृतीची नशा करणारा माणूस आपली कबर अशा जागी मागत नाही.

तिसरा आक्षेप विद्वानांचा. तत्त्वज्ञ मार्टिन बुबेरने हसिदी कथांतून असा आनंद उभा केला की जो इथल्या, या क्षणीच्या जगाला पवित्र करतो; भाकर, घोडा, शेजारी यांच्यात देव भेटतो. यहुदी गूढवादाचा अभ्यासक गेर्शोम शोलेम याने १९६१मध्ये त्याच्यावर कडक टीका केली. बुबेर कथा निवडतो आणि प्रवचने टाळतो, असे त्याचे म्हणणे. प्रवचनांत भाकर पवित्र होत नाही; भाकरीतला दैवी कण काढून घेतला जातो आणि भाकर रिकामी मागे उरते. हसिदी आनंद जगावर प्रेम करत नाही, जगाच्या आरपार बघतो. ग्रंथांपुरते बोलायचे तर शोलेम बरोबर आहे, हे मान्य करावे लागते. बाल शेम तोवचा शिष्य, मेझेरिचचा मग्गीद, साफ सांगतो की माणसाने स्वतःला शून्य समजावे.

पण या शून्याचा उपयोग काय, हे शोलेमने पुरेसे विचारले नाही असे मला वाटते. मग्गीदचीच शिकवण अशी की प्रार्थनेत स्वतःच्या उणिवांबद्दल मागू नकोस; शेखिनेला काय उणे आहे ते माग. तुझ्या पोटात दुखते तर ते तिचे दुखणे आहे असे समज आणि तिच्यासाठी रड. म्हणजे ‘मी’ पुसला गेल्यावर माणूस दुःखरहित पोकळीत जाऊन तरंगत नाही. तो स्वतःच्या दुःखातून निघून एका मोठ्या दुःखाच्या घरी जातो. आनंद होतो तो त्या घरात आपल्याला प्रवेश मिळाला, आपले क्षुद्र रडगाणे तिथे कामी आले, याचा. म्हणून हा आनंद आणि अश्रू एकमेकांना छेदत नाहीत. बुबेर आणि शोलेम दोघेही विचारत राहिले की हा आनंद जगातला की जगाबाहेरचा. तो कुणाचा, हा प्रश्न दोघांनीही मागे ठेवला. आणि वर जाण्याबद्दल या परंपरेचे जुने शहाणपणही आहेच. तल्मूदमध्ये चौघे दैवी उपवनात शिरतात. एक बघतो आणि मरतो, दुसऱ्याचे चित्त भ्रमते, तिसरा रोपे तोडून धर्मभ्रष्ट होतो. रब्बी अकिबा तेवढा सुखरूप आत जातो आणि सुखरूप बाहेर येतो. त्याची थोरवी किती वर चढला यावरून कोणी मोजत नाही. परत आला यावरून मोजतात.

हे वाचताना मराठी मनाला कीर्तन आठवणार. आठवावेच. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएली या मराठीभाषक यहुद्यांनी १८८०च्या सुमारास आपल्या पवित्र ग्रंथातल्या कथांवर मराठीत कीर्तने रचली आणि सादर केली; त्यांनी हा पूल केव्हाच बांधला आहे. सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग उभे केले ते १७९६मध्ये, तान्या छापला गेला त्याच वर्षी, आणि दोन्ही टोकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण ‘हे म्हणजे आपल्या भक्तीसारखेच’ असे म्हणून प्रकरण मिटवण्याची आपली सवय मला घातक वाटते. विठोबा अठ्ठावीस युगे एका जागी उभा आहे, भक्ताने त्याच्याकडे जायचे आहे. शेखिना निर्वासित आहे, तिला घर नाही, आणि ते माणसाने आज्ञा पाळून बांधायचे आहे. आनंदाचा रंग सारखा दिसला तरी त्यामागची विवंचना वेगळी आहे.

आता ज्या प्रश्नापुढे मला सर्वांत जास्त अस्वस्थ वाटते तो. आपला शोक रिंगणात घेतला, पण दुसऱ्याचा? गाझामध्ये हजारो मुले मेली आहेत. जो नाच तिकडे बघतच नाही, त्याला साधना म्हणायचे का? इथे परंपरेला बाहेरच्या माणसाने काही शिकवायची गरज नाही, तिच्याच ग्रंथात उत्तर आहे. लाल समुद्रात इजिप्तचे सैनिक बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा देव म्हणाला, माझ्या हातची लेकरे समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाता? बुडणारे शत्रू होते, छळणारे होते, आणि तरी. पासोव्हर या इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या शेवटच्या दिवसांत स्तुतिगीते अपुरीच म्हणतात, त्याचे एक कारण हेच सांगितले जाते. नाचून शत्रूला दाखवून देऊ म्हणणाऱ्यांनी तल्मूदचे हे पान वाचले असेल तर ते त्यांनी बाजूला ठेवले आहे. दाखवून देण्यासाठी केलेला आनंद ‘मी’ला फुगवतो, मग तो ‘मी’ एका माणसाचा असो की राष्ट्राचा. मग्गीदच्या मापाने तो सुरुवातीलाच बाद.

या मापाची सर्वांत कठीण परीक्षा वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी यहुद्यांना कोंडलेल्या वस्तीत, झाली. पियासेच्नोचा रब्बी कालोनिमुस काल्मान शापिरा याचा एकुलता एक मुलगा सप्टेंबर १९३९च्या बॉम्बहल्ल्यात जखमी होऊन गेला. त्यानंतर १९४२च्या उन्हाळ्यापर्यंत तो शब्बाथला आणि सणांना प्रवचने देत राहिला, लिहून ठेवत राहिला. ते कागद दुधाच्या बरणीत घालून पुरलेले युद्धानंतर सापडले. त्याला नोव्हेंबर १९४३मध्ये मारण्यात आले. तल्मूदमध्ये एक जुना पेच आहे : देव रडतो असे एक वचन सांगते, त्याच्या ठायी बळ आणि आनंद आहे असे दुसरे सांगते. उत्तर असे दिले आहे की एक आतल्या दालनात, दुसरे बाहेरच्या. शापिरा म्हणतो, देव आत एकटा रडतो, कारण त्या रडण्याचा अंशही जगात आला तर जग टिकणार नाही. पण माणूस आत शिरू शकतो, त्याच्याबरोबर रडू शकतो. एकटा रडणारा माणूस मोडून पडतो. त्याच्याबरोबर रडलेला माणूस अध्ययन आणि सेवा करण्याइतके बळ घेऊन बाहेर येतो. यात नाच नाही, गाणे नाही, हसू नाही. पण रचना तीच आहे जी मग्गीदने सांगितली होती, आणि तिने उपाशी, चिरडलेल्या माणसांना दर शब्बाथला पुन्हा ग्रंथ उघडायला लावला. अफूने हे होत नाही.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे बचाव नाही. रिंगण पुरुषांचे होते. हसिदी दरबारांत सणाला बाप आणि मुलगे गुरूकडे जात, रात्र रात्र गात. स्त्रिया घरी, किंवा जाळीच्या पलीकडे. नाखमान म्हणतो बाहेर उभ्या असलेल्याला ओढून आत घ्या, आणि निम्मा समाज बाहेर उभा असताना हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त वाचले गेले. क्राकोच्या हसिदी घरातली एक शिवणकाम करणारी बाई, सारा शेनिरेर, हिने हे लिहून ठेवले की पुरुष सणासाठी गुरूकडे निघून जातात आणि मागे राहिलेल्या आया-मुलींचा सण रिता जातो. तिने यावर उपाय म्हणून १९१७मध्ये आपल्या घरात थोड्या मुलींना घेऊन धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली. १९३५मध्ये ती वारली तोवर पोलंडभर आणि पोलंडबाहेरही बेथ याकोव्ह शाळांचे जाळे पसरले होते, आणि त्या शाळांना ज्यांनी संमती दिली त्यांत बेल्झचा हसिदी गुरूही होता.